वाचकांचे प्रश्न : नाकतोड्याचा वंश ओळखताना रंगाआधी बांधा पाहावा

पावसाळा सरता सरता या सदराकडे नाकतोड्यांविषयीची पत्रे दरवर्षी येतात. यंदा ती नेहमीपेक्षा अधिक आली आणि त्यांतील बहुतेकांबरोबर छायाचित्रेही होती. जवळजवळ सगळी छायाचित्रे वरून घेतलेली होती आणि पत्रांतील वर्णनाचा भर रंगावर होता. नाकतोड्याचा वंश ठरवणाऱ्या खुणा मात्र बहुतेक वेळा वरून दिसत नाहीत. त्या छातीच्या खालच्या बाजूला, गुडघ्यात, कपाळाच्या टोकावर आणि मिटलेल्या मागच्या पंखात असतात. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे देताना या जागांकडे वाचकांचे लक्ष पुन्हा पुन्हा वेधले आहे.

प्रश्न : 2020 च्या मे महिन्यात आमच्या भागात टोळधाड आली होती. तेव्हापासून तुरीत किंवा कपाशीत बोटाएवढा, अंगावर तपकिरी ठिपके असलेला नाकतोडा दिसला की गावात टोळ आल्याची चर्चा सुरू होते. डोळ्यांवर उभे पट्टे असले की तो टोळच, असे काही जण ठामपणे सांगतात. खरा टोळ कसा ओळखावा?
— एक शेतकरी, अमरावती जिल्हा

उत्तर : आपल्या गावकऱ्यांची धास्ती अगदी स्वाभाविक आहे, कारण त्या वर्षी वाळवंटी टोळांचे थवे राजस्थान आणि मध्य प्रदेश ओलांडून अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत खरोखरच उतरले होते. परंतु डोळ्यांवरचे उभे पट्टे ही टोळाची खूण नव्हे. वाळवंटी टोळ सिर्टाकँथॅक्रिडिनी या उपकुलात मोडतो आणि या उपकुलातील इतर नाकतोड्यांच्या डोळ्यांवरही असे पट्टे असतात. आपण वर्णन केलेला, पावसाळ्यानंतर तुरीत एकेकटा दिसणारा, फिकट अंगावर गडद तपकिरी ठिपके असलेला आणि पाठीच्या मधोमध फिकट पट्टा असलेला कीटक बहुधा सिर्टाकँथॅक्रिस या वंशाचा आहे. तो आपल्याकडचाच, बाराही महिने इथेच राहणारा नाकतोडा आहे. त्याचे थवे येत नाहीत.

आता या दोघांतील फरक पाहू. वाळवंटी टोळाचा वंश शिस्टोसेर्का. दोघेही साधारण 5 ते 6 सेंटिमीटर लांबीचे, दोघांच्याही पुढच्या पंखांवर तपकिरी ठिपके, दोघेही दमदार उडणारे. नुसते वरून पाहून त्यांत गोंधळ होणे साहजिक आहे. म्हणून नाकतोडा हलक्या हाताने धरून उलटा करावा आणि पुढच्या दोन पायांच्या मधोमध छातीवर पाहावे. तेथे एक लहानसा उंचवटा असतो, त्याला या सदरात मी खुंटी म्हणेन. शिस्टोसेर्कात ही खुंटी बोथट टोकाची आणि जवळजवळ सरळ उभी असते. सिर्टाकँथॅक्रिसमध्ये ती ठळकपणे मागे वळलेली असते आणि तिचे टोक छातीच्या मधल्या खंडाकडे झुकलेले दिसते. साध्या भिंगातून, चांगल्या उजेडात, हा फरक एकदा पाहिला की पुढे शंका उरत नाही.

हाती लागलेला कीटक नर असेल तर आणखी एक पक्की खूण मिळते. नराच्या पोटाच्या अगदी टोकाला खालच्या बाजूने एक पट्टिका वर वळलेली असते. शिस्टोसेर्का वंशाच्या नरात तिच्या टोकाला खाच असून तिचे दोन भाग झालेले दिसतात, तर सिर्टाकँथॅक्रिसच्या नरात ती निमुळती होत एकाच टोकाला संपते. मादी ओळखणे सोपे आहे. तिच्या पोटाच्या टोकाला अंडी घालण्यासाठी जमीन उकरणारे आखूड, कठीण असे चार भाग असतात आणि ते जोडी-जोडीने उघडझाप करतात.

रंगावर का विसंबू नये, हे टोळांइतके स्पष्टपणे दुसरा कोणताही नाकतोडा दाखवत नाही. एकाकी राहणारा वाळवंटी टोळ करडा-तपकिरी असतो, थव्यातला कोवळा प्रौढ गुलाबी असतो आणि तोच वयात आला की पिवळा होतो. विदर्भात उतरलेल्या थव्यांतील टोळ गुलाबी होते ते यामुळेच. 1921 साली बोरिस उव्हारोव्ह या कीटकशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की लोकस्टा मायग्रेटोरिया आणि लोकस्टा डॅनिका या दोन वेगळ्या जाती मानल्या जात होत्या, त्या वास्तविक एकाच जातीची दोन रूपे आहेत. एक थव्यातले, दुसरे एकाकी. तज्ज्ञांचीही जेथे रंग आणि ठेवण पाहून फसगत झाली, तेथे शेताच्या बांधावरून अंदाज करणाऱ्याला दोष देता येणार नाही.

या लोकस्टा वंशाचाही येथे उल्लेख करायला हवा, कारण तोही टोळच आहे आणि भारतात आढळतो. त्याला छातीखाली खुंटी मुळीच नसते आणि छातीची खालची बाजू दाट केसांनी भरलेली असते. त्यामुळे कीटक उलटा केल्याबरोबर तो शिस्टोसेर्का आणि सिर्टाकँथॅक्रिस या दोघांपासून वेगळा काढता येतो.

आपल्या भागासाठी महत्त्वाचा असा आणखी एक टोळ म्हणजे मुंबई टोळ. त्याचे वंशनाम पतंगा आणि नोमॅडॅक्रिस अशा दोन्ही प्रकारे छापलेले आढळते, जातीचे नाव सक्सिंक्टा. त्याच्या डोक्यापासून पाठीवर एक पिवळसर पट्टा जातो, मागच्या पंखांना बुडाशी गुलाबी छटा असते आणि खुंटी थोडी मागे झुकलेली, पण सिर्टाकँथॅक्रिसइतकी वळलेली नसते. विसाव्या शतकाच्या आरंभी, 1901 ते 1908 या काळात, त्याच्या धाडींनी पश्चिम भारतात मोठे नुकसान केले होते. आज तो एकाकी रूपातच दिसतो.

तेव्हा तुरीत असा एखादा नाकतोडा दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात शेकड्यांनी एकाच दिशेने उडत येणारे, झाडांवर एकत्र बसणारे गुलाबी किंवा पिवळे कीटक दिसले तर मात्र नमुना हाती येण्याची वाट न पाहता कृषी विभागाला तत्काळ कळवावे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या मागे भातशेती आहे. मुलांना घेऊन मी तेथे हिरवे नाकतोडे पाहायला जाते, पण सगळेच हिरवे असल्यामुळे मुलांना काय सांगावे ते कळत नाही. काहींचे डोके टोकदार असते, काहींचे नसते. निदान मोठे गट तरी वेगळे काढता येतील का?
— एक शिक्षिका, कुडाळ तालुका

उत्तर : मोठे गटच काय, भातातील नेहमीचे वंशही मुलांना ओळखता येतील. त्यासाठी दहा पट मोठे दाखवणारे एक भिंग शाळेत असावे, एवढीच अट.

प्रथम टोकदार डोक्याचे नाकतोडे बाजूला काढावेत. त्यांत दोन वंश मुख्य आहेत आणि ते दोन वेगवेगळ्या कुलांतील आहेत. पहिला ॲक्रिडा. त्याचे डोके लांबच लांब शंकूच्या आकाराचे असून डोळे त्या शंकूच्या टोकाजवळ असतात. शृंगिका, म्हणजे मिशा, चपट्या, बुडाशी रुंद आणि टोकाकडे निमुळत्या असतात आणि मागचे पाय इतके लांब व बारीक असतात की ते शरीराला बेताचे वाटत नाहीत. दुसरा ॲट्रॅक्टोमॉर्फा. तो आकाराने लहान असतो आणि त्याच्या अंगाची ठेवण मध्ये जाड, दोन्हीकडे निमुळती असते. त्याच्या डोळ्याच्या मागून सुरू होऊन गालावरून डोक्यामागच्या खोगिरासारख्या कवचाच्या खालच्या काठापर्यंत लहान लहान, फिकट, गोल उंचवट्यांची एक रांग जाते. ही रांग हे या वंशाचे वैशिष्ट्य आहे. भिंग लावले की मुलांना ती पटकन दिसते आणि ती सापडल्यावर त्यांना होणारा आनंद पाहण्यासारखा असतो.

ॲट्रॅक्टोमॉर्फाच्या कपाळाच्या अगदी टोकावर मधोमध एक बारीक चीर असते. पायर्गोमॉर्फिडी या संपूर्ण कुलाची ती खूण आहे. ॲक्रिडा हा ॲक्रिडिडी कुलातील असल्यामुळे त्याच्या कपाळावर ती नसते. दोघेही हिरवे असतात, दोघेही तपकिरीही असतात. हिरव्या गवतात हिरवे आणि वाळक्या गवतात तपकिरी अधिक दिसतात. म्हणून हिरवा की तपकिरी, हा प्रश्न येथे विचारूच नये.

आता गोलसर डोक्याचे. भातातील सर्वांत मोठा हिरवा नाकतोडा म्हणजे हायरोग्लिफस. त्याची मादी 4 सेंटिमीटरच्या पुढे जाते. डोक्यामागच्या त्या कवचाला शास्त्रीय भाषेत अग्रवक्षपृष्ठ म्हणतात. हायरोग्लिफसच्या अग्रवक्षपृष्ठावर आडव्या खाचा असून त्या काळ्या रंगाने भरलेल्या असतात. त्यामुळे हिरव्या कवचावर शाईने आडव्या रेघा ओढल्याचा भास होतो. खरिपातील भात, ज्वारी, मका यांवर त्याचा उपद्रव होतो आणि शेतकऱ्यांना तो चांगला परिचित असतो.

त्याच शेतात त्याहून लहान, सुमारे 2 ते 3 सेंटिमीटरचा ऑक्सिया असतो. त्याच्या डोळ्यामागून कवचाच्या दोन्ही कडांवरून एक गडद तपकिरी पट्टा मागे जातो. म्हणजे हायरोग्लिफसवर रेघा आडव्या आणि ऑक्सियावर पट्टा उभा, एवढे लक्षात ठेवले तरी शेतात काम भागते. परंतु पट्टा ही रंगाची खूण आहे आणि वाळलेल्या नमुन्यात ती फिकी पडते, म्हणून मुलांना ऑक्सियाचा गुडघाही दाखवावा. मागच्या पायाची मांडी जेथे संपते तेथे दोन्ही बाजूंना लहान पाकळ्या असतात. ऑक्सियात त्यांतील खालची पाकळी काट्यासारखी टोकदार असते. हायरोग्लिफसमध्ये तसा काटा नसतो. शिवाय ऑक्सियाची नडगी खालच्या अर्ध्या भागात दोन्ही कडांनी रुंद व चपटी झालेली असते. भाताच्या खाचरात पाण्यावर पडलेला ऑक्सिया ज्या सहजतेने पाय मारत चुडाकडे येतो, त्यात या रुंद नडगीचा मोठा वाटा आहे.

या दोघांच्या बरोबर, बांधावरच्या गवतात, दीड-दोन सेंटिमीटरचा एक तिसरा नाकतोडा दिसेल. त्याच्याही डोळ्यामागून गडद पट्टा जातो, त्यामुळे तो ऑक्सियाचे पिल्लू समजला जातो. तो स्पॅथोस्टर्नम होय. त्याला पूर्ण वाढलेले पंख आहेत का ते पाहावे. असल्यास तो पिल्लू नाही. मग उलटा करून खुंटी पाहावी. इतर नाकतोड्यांत ती काट्यासारखी किंवा दंडगोल असते, तर स्पॅथोस्टर्नममध्ये ती आडवी पसरलेली, रुंद पट्टीच्या आकाराची असते.

मुलांनी ऑक्सियाच्या पुढे जाऊन जात विचारली, तर त्यांना मोकळेपणाने सांगावे की ऑक्सियाच्या जाती नराच्या शेपटीकडील अवयव आणि मादीच्या अंडी घालण्याच्या अवयवावरचे दात तपासून ठरवतात आणि ते काम सूक्ष्मदर्शकाखाली होते. वंशापर्यंतची ओळख ही शाळेसाठी पुरेशी आणि खात्रीची ओळख आहे.

प्रश्न : टेकडीवर फिरताना पायाखालून मातकट रंगाचे नाकतोडे उडतात. उडताना पिवळा किंवा लाल रंग चमकतो, पण खाली बसले की ते मातीत दिसेनासे होतात. हे सगळे एकाच प्रकारचे असतात का?
— एक पदवी विद्यार्थी, पुणे

उत्तर : एकाच प्रकारचे नव्हेत, पण त्यांतील बहुतेक एकाच उपकुलाचे, इडिपोडिनीचे असतात. या उपकुलाला छातीखाली खुंटी नसते, चेहरा जवळजवळ उभा असतो आणि मागच्या पंखांवर अनेकदा रंग आणि काळा पट्टा असतो. तो रंग फक्त उडतानाच दिसतो. मला स्वतःला नाकतोड्यांचा हा गट सर्वांत आवडतो, कारण येथे वंश ओळखण्याच्या खुणा दगडात कोरल्यासारख्या स्पष्ट असतात आणि त्या बहुतेक सगळ्या पाठीवरच्या मधल्या कण्यावर सापडतात.

अग्रवक्षपृष्ठाच्या मधोमध लांबीने एक कणा उचललेला असतो. कीटक बाजूने पाहावा, म्हणजे त्या कण्याची रेघ आकाशाच्या किंवा मातीच्या पार्श्वभूमीवर नीट दिसते. हा कणा उंच, कमानदार आणि अखंड असेल आणि मागच्या पंखावर पिवळ्या रंगाबाहेर काळा पट्टा असेल तर तो गॅस्ट्रिमार्गस. कणा बेताचाच उंच असेल आणि अग्रवक्षपृष्ठावर फिकट रेघांनी तुटक फुली काढल्यासारखी खूण असेल तर तो इडॅलियस. त्याचाही मागचा पंख पिवळा आणि काळ्या पट्ट्याचा असतो, म्हणून पंखावरून या दोघांत फरक करू नये. कण्याला दोन खोल खाचा असून त्यामुळे त्यावर दोन दात उभे राहिल्यासारखे दिसत असतील, अंगावर केस असतील आणि डोळ्यांच्या मध्ये लहान उंचवट्यांची जोडी असेल तर तो ट्रायलोफिडिया. हा दोन सेंटिमीटरच्या आतबाहेरचा लहान नाकतोडा पायवाटांवर, मैदानांच्या कडेला, अगदी वसाहतींच्या आवारातही सापडतो. कणा फारच दबलेला, अग्रवक्षपृष्ठ आखूड, अंग केसाळ आणि मागच्या पंखाला बुडाशी लालसर किंवा गुलाबी रंग व त्याबाहेर चंद्रकोरीच्या आकाराचा गडद पट्टा असेल तर ॲक्रोटायलस.

या गटात एक वंश नेहमी चकवतो. आयोलोपसच्या मागच्या पंखावर पट्टा नसतो, फक्त फिकट हिरवट-पिवळी झाक असते, त्यामुळे तो या गटातला वाटत नाही. त्याचे कपाळ भिंगातून पाहावे. डोळ्यांच्या पुढे, कपाळाच्या दोन्ही कडांवर, चौकोनी खळगा असतो आणि तो पुढच्या बाजूला निमुळता होतो. शिवाय त्याचे अग्रवक्षपृष्ठ पुढच्या भागात किंचित आवळलेले असते. आयोलोपस रात्री दिव्याकडे येतो, त्यामुळे टेकडीपेक्षा घराच्या व्हरांड्यात त्याची गाठ पडण्याची शक्यता अधिक आहे.

टेकडीवरच आपल्याला झेनोकॅटँटॉप्स हा तपकिरी नाकतोडाही भेटेल आणि त्याला आपण या गटात टाकाल. तो येथे मोडत नाही. त्याच्या छातीच्या बाजूला, मागच्या पायाच्या अगदी वर, तिरकी पांढरट पट्टी असते, मांडी जाड असून तिच्यावर काळे डाग असतात आणि उलटा केल्यावर छातीखाली खुंटी स्पष्ट दिसते. खुंटी असली की इडिपोडिनी नाही, हा नियम येथे उपयोगी पडतो.

प्रश्न : ज्वारीच्या शेतात बिनपंखी नाकतोडे दिसतात. ही पिल्ले समजावीत का?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : प्रत्येक वेळी नाही. दख्खनच्या पठारावर कोलेमानिया नावाचा एक वंश आहे, त्याच्या प्रौढांनाही पंख नसतात आणि ज्वारी हेच त्याचे आवडते पीक आहे. तो पायर्गोमॉर्फिडी कुलातील असल्यामुळे कपाळाच्या टोकावरची चीर त्याच्यातही सापडते. तो प्रौढ आहे हे पोटाच्या टोकाकडील अवयव पूर्ण वाढून कठीण झालेले असण्यावरून कळते.

पंखांचे आखूड कोंब दिसत असतील तर निर्णय आणखी सोपा आहे आणि ही खूण पाहण्यासारखी आहे. वाढीच्या शेवटच्या अवस्थांतील पिल्लांत पंखांचे कोंब उलटलेले असतात, म्हणजे मागच्या पंखाचा त्रिकोणी कोंब वर असतो आणि पुढच्या पंखाचा कोंब त्याच्या खाली झाकलेला असतो. शेवटची कात टाकल्यावर हा क्रम बदलतो आणि पुढचे पंख मागच्यांवर येतात. म्हणून आखूड पंखांचा नाकतोडा हाती आला तर वर कोणता पंख आहे ते पाहावे. पुढचा पंख वर असेल तर तो आखूड पंखांचा प्रौढ आहे, आणि त्याचा वंश ठरवता येईल. मागचा वर असेल तर ते पिल्लू आहे. पिल्लांची खुंटी, कणा आणि कपाळ यांची ठेवण पूर्ण झालेली नसते, त्यामुळे त्यांचा वंश ठरवण्याची घाई करू नये.

क्रोटोगोनसच्या बाबतीत हे विशेष कामास येते. मातीच्या रंगाचा, वरून दबलेला, अंगभर खडबडीत उंचवटे असलेला हा नाकतोडा पेरणीनंतरचे कोवळे कोंब खातो, आणि त्याच्या एकाच जातीत काही प्रौढ लांब पंखांचे तर काही आखूड पंखांचे असतात. त्याची पक्की खूण छातीखाली आहे. अग्रवक्षाची खालची पुढची कड पसरून तोंडाच्या अवयवांचा काही भाग झाकते.

प्रश्न : घरात दिव्याखाली हिरव्या पानासारखा एक मोठा नाकतोडा येतो, त्याच्या मिशा अंगापेक्षा लांब असतात. तो कोणत्या वंशाचा? तसेच ओढ्याच्या काठी सेंटिमीटरभर लांबीचे, मागे टोक असलेले चिमुकले नाकतोडे असतात, ते कोणते?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पहिला कीटक आपल्या विषयाबाहेरचा आहे, पण प्रश्न योग्य आहे. अंगापेक्षा लांब, धाग्यासारख्या बारीक मिशा असलेले कीटक रातकिड्यांच्या उपगणात, एन्सिफेरात येतात. त्यांचे कान पुढच्या पायांच्या नडगीवर असतात आणि मादीला पोटाच्या टोकाला लांब पाते किंवा सुई असते. खऱ्या नाकतोड्यांच्या, म्हणजे सिलिफेरा उपगणातल्या कीटकांच्या मिशा आखूड असतात, कान पोटाच्या पहिल्या खंडावर दोन्ही बाजूंना असतात आणि मादीचे अंडी घालण्याचे अवयव आखूड असतात. हे आधी ठरवल्याशिवाय वंशाकडे वळू नये.

ओढ्याकाठचे चिमुकले कीटक मात्र नाकतोड्यांचे जवळचे नातलग, टेट्रिजिडी कुलातले आहेत. त्यांचे अग्रवक्षपृष्ठ मागे वाढत जाऊन संपूर्ण पोट झाकते, आपल्याला मागे दिसलेले टोक ते हेच. पुढच्या चार पायांच्या पावलांना दोनच खंड असतात, तर मागच्या पावलांना तीन. इतर नाकतोड्यांत सगळ्या पावलांना तीन खंड असतात. या कुलातील वंश ओळखणे अवघड आहे आणि ते छायाचित्रावरून सांगण्याचे धाडस मी करणार नाही.

प्रश्न : रुईच्या झाडावर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचे नाकतोडे येतात आणि सह्याद्रीत पिवळ्या ठिपक्यांचे. मुले दोन्ही धरतात. ते विषारी असतात का?
— एक पालक, सातारा

उत्तर : रुईवरचा पोइकिलोसेरस आणि सह्याद्रीतील ऑलार्चिस हे दोन्ही पायर्गोमॉर्फिडी कुलातील आहेत आणि या दोघांच्या बाबतीत रंगच पुरेसा असतो, हे मान्य करायला हवे. ऑलार्चिसच्या अग्रवक्षपृष्ठावर मोठे, फुगीर, नारिंगी-लाल उंचवटे असतात आणि पुढच्या पंखांवर पिवळे ठिपके असतात. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात आणि पोइकिलोसेरस ती अंगात साठवतो. त्याचे पिल्लू दाबले तर द्रवाची पिचकारी उडते, तर ऑलार्चिस धरल्यावर फेस सोडतो. मुलांनी ते हाताळू नयेत; हाताळलेच तर डोळ्यांना हात न लावता साबणाने धुवावेत.

प्रश्न : छायाचित्रावरून वंश सांगण्यासाठी आपल्याला नेमके काय लागते? आणि नमुना जपायचा असेल तर तो कसा जपावा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वरून काढलेले एक छायाचित्र चालेल, पण त्याबरोबर बाजूचे, समोरून चेहऱ्याचे, छातीच्या खालच्या बाजूचे, मागच्या गुडघ्याचे आणि शक्य असल्यास एक मागचा पंख उघडून काढलेले छायाचित्र पाठवावे. मोजपट्टी शेजारी ठेवावी. कीटक धरताना मागचे दोन्ही पाय दुमडून, दोन्ही गुडघे अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये एकत्र धरावेत. एकच पाय धरला तर नाकतोडा तो मांडीच्या बुडापासून सोडून देतो आणि प्रौढाला तो पाय पुन्हा येत नाही. छायाचित्रे काढून झाल्यावर कीटक जेथून घेतला तेथेच सोडावा.

नमुना जपण्याची खरोखर गरज असेल, म्हणजे महाविद्यालयाच्या किंवा शाळेच्या संग्रहासाठी, तरच तो घ्यावा. अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही घेऊ नये. नाकतोड्याला टाचणी अग्रवक्षपृष्ठाच्या मागच्या भागात, मधल्या कण्याच्या उजव्या बाजूने लावतात, जेणेकरून कणा अखंड राहतो, आणि डाव्या बाजूचे पंख पसरून ठेवतात. पोट कापून आतडी काढली नाहीत तर मोठे नमुने कुजून काळे पडतात. आतडी काढूनही हिरवा रंग फार दिवस टिकत नाही. ऑक्सिया आणि ॲक्रिडा वाळल्यावर पिवळट-तपकिरी होतात. संग्रहालयांतील जुने नमुने पाहिल्यावर हे चटकन लक्षात येते. त्यांवर उरलेले असते ते खुंटी, कणा, गुडघा आणि कपाळ.

प्रत्येक नमुन्याखाली चिठ्ठी असावी. तिच्यावर गाव, तालुका, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि कीटक ज्या वनस्पतीवर सापडला तिचे नाव लिहावे. शेवटची नोंद लोक बहुधा विसरतात, पण रुईवर, ज्वारीवर किंवा भाताच्या चुडावर असे तिच्यात लिहिलेले असले की कोणत्या वंशापासून तपासणी सुरू करायची ते आधीच ठरते. ज्यांना स्वतः ठरवता येणार नाही त्यांनी जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागाला नमुना दाखवावा. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. तेथे नमुना पाठवण्यापूर्वी पत्राने विचारणा करावी आणि चिठ्ठी नसलेला नमुना पाठवू नये.